सहाव्या टेकचा हात

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावं, ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. भिऊ मात्र नका. आधीच सांगून ठेवतो, पोर सुखरूप घरी येते. देवाने एवढं पदरात टाकलं की बाकीचं ऐकायला माणसाला बळ येतं.

तर एक मुलगी होती. चणीने एवढीशी आणि सदा काही ना काही उचलून नेणारी, म्हणून वर्गाने तिला मुंगी केलं. चित्रपटाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात ती दुसऱ्या वर्षाला होती. सरांनी गटाने करायचं काम दिलं होतं, थरारपटाची पहिली दोन मिनिटं. मुंगीच्या गटात तिघंच. एक साहेब, ज्याला हुकूम सोडल्याशिवाय घास उतरत नसे. दुसरा ट्रायपॉड, उंच आणि काटकुळा, कॅमेऱ्याला डोळा लावला की जगाला मेलेला. माणसं तीन नि कामं सात, त्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन.

पडद्यावर दिसायला एक शाळकरी मुलगी हवी होती. मुंगीची धाकटी सातवीत होती आणि आरशासमोर उभी राहून रोज रडून दाखवत असे. ती एका पायावर तयार. आईच तयार होईना. शेवटी चपला घालताना आईने मुंगीचं मनगट धरलं. "जशी नेतेस तशी परत आण. ओरखडासुद्धा चालणार नाही मला."

"अगं आई, सिनेमा आहे, लढाई नाही."

"तेच म्हणतेय. लढाईत माणसं निदान सावध असतात."

कॉलेजच्या मागे एक बंद पडलेला छापखाना होता. कचेरीतल्या काकांनी किल्ली दिली आणि दुपारी चारला टेबलावर परत हवी म्हणून बजावलं. आत एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना छपाईच्या खिळ्यांचे लाकडी खण, त्यांत धुळीने बुजलेली अक्षरं. डाव्या हाताला एक खिडकी, तिच्यातून येईल तेवढाच उजेड. इतक्या वर्षांनीही शाईचा आणि रॉकेलचा वास भिंतींतून गेला नव्हता. बोळाच्या टोकाला कागदाची कोठी. तिथे कागद रचायच्या लोखंडी घोड्यांच्या, म्हणजे मांडण्यांच्या रांगा, आणि वर लाकडी माळा, छतापर्यंत गठ्ठ्यांनी ठासलेला. कोठीला दार एकच, आत उघडणारं. खिडकी नाही. वर वीतभर झरोका, त्यालाही गज.

दृश्य साधं होतं. मुलगी बोळातून चालत येते, कोठीच्या उंबऱ्यावर थांबते, आणि आतल्या काळोखातून एक हात येऊन दार लावून घेतो. हात साहेबाचा. आत बोललं तर माइक पकडेल, म्हणून त्यानेच नियम घातला होता: हात तयार असला की दारावर दोन टकटक. मुंगी शेजारच्या खोलीत यंत्राआड हेडफोन लावून बसलेली. तिला टकटक ऐकू आली की ती म्हणायची, "आवाज तयार." मग ट्रायपॉड म्हणायचा, "कॅमेरा तयार," आणि धाकटी निघायची.

पाच टेक झाले. पाचही वेळा साहेबाने दार असं आपटलं की खणांतले खिळे खुळखुळले.

"अरे, हात आहे की बैल?" ट्रायपॉड वैतागला.

"थरार पाहिजे ना? मग आपटणारच."

"मला पुढच्या वेळी खरंच रडू येईल हं," धाकटी म्हणाली.

एवढ्यात ढग आला आणि बोळ अंधारला. साहेबाने थर्माकोलचा पांढरा तक्ता उचलला. अंगणातून खिडकीवर धरला तर उजेड आत फेकता आला असता. जाता जाता त्याने धाकटीला समजावलं, "या वेळी उंबऱ्यावर थांबायचं नाही. सरळ आत, मधल्या घोड्यापर्यंत जायचं. दार तुझ्या मागे लागेल." मग ट्रायपॉडला म्हणाला, "हाताचं काम मुंगीला सांग."

ट्रायपॉडचा डोळा कॅमेऱ्याला होता. तो "हं" म्हणाला. त्याचं हं म्हणजे काय ते घरचेसुद्धा ओळखून होते. ऐकलं नाही. धाकटीला सांगितलेलं तेवढं कानावर पडलं होतं.

मुंगीला यातलं काही कळलं नाही. तिच्या लेखी साहेब आतच होता. हेडफोनमध्ये दोनदा टकटक आली. हलकी, ओळीने.

"आवाज तयार."

"कॅमेरा तयार."

धाकटीची पावलं निघाली. मुंगी मनात मोजत होती. बारा, तेरा, चौदा. पंधराव्या पावलाला उंबरा होता. धाकटीने चौकटीवर हात टेकला आणि एक पाय उचलला.

आणि दार लागलं.

आपटलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावावं तसं, अगदी सावकाश लागलं.

"ए साहेब!" ट्रायपॉड ओरडला. "ती आत जायची होती ना? टेकची माती केलीस!"



मग आत काहीतरी करकरलं. लांबलचक.

आणि कोसळलं.

फरशी हादरली. दाराखालून धुळीचा लोट बोळात आला. मुंगी हेडफोन गळ्यात घेऊनच धावली. धाकटी दारापुढे उभी होती, पांढरीफटक, उचललेला पाय अजून हवेत. मुंगीने तिला कवेत घेतलं, डोकं चाचपलं, हात चाचपले. ओरखडा नव्हता.

"साहेब आत आहे," ट्रायपॉड म्हणाला.

दोघांनी दाराला खांदे लावले. दार तसूभर हलेना.

"काय पाडलंत रे?" मागून कुणी विचारलं.

बोळाच्या तोंडाशी साहेब उभा होता, बगलेत थर्माकोल.

ट्रायपॉड, ज्याला कुणी कधी भावुक झालेलं पाहिलं नव्हतं, त्याने साहेबाच्या थोबाडीत दिली आणि लगेच गळ्यात पडून रडायला लागला. साहेबही रडला, का ते न समजता. मग मुंगीला हसू फुटलं. ते थांबेना. धाकटी म्हणाली, "मी रडू का आता? की कट झालंय?" त्यावर चौघंही जमिनीवर बसून हसले नि रडले. देवाघरून परत दिलेल्या माणसांसारखे.

काकांनी सुतार आणला. दार बिजागरीतून काढायला तास लागला. आत माळा अख्खाच्या अख्खा खाली आला होता, मधल्या घोड्यावर. लोखंड पिळवटलं होतं.

"दार आपटलं कुणी इतकं?" सुतार वर बघत म्हणाला. "आधारच सुटलाय बघा भिंतीतून. पोर आत असती तर..."

मग मुंगीने विचारलं, "आत कुणी होतं का?"

सुताराने गठ्ठा न् गठ्ठा हलवला. कुणी नव्हतं. झरोक्याचे गज जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी संकलनाच्या खोलीत त्यांनी सहावा टेक पाहिला. दाराच्या कडेवर चार बोटं येतात. धाकटीची बोटं चौकटीवर आहेत, म्हणून ती थांबतात. ती आपली बोटं काढते, मगच दार पुढे सरकतं.

"टकटक तर आली होती मला," मुंगी म्हणाली. "दर टेकला यायची तशीच."

साहेबाने मान वर केली. "दर टेकला? मी कधी टकटक केली? पहिल्यापासून विसरत होतो. तू 'आवाज तयार' म्हणालीस की मी हात काढायचो."

ट्रायपॉडने उठून दिवा लावला, भर दुपारी.

सरांना काम आवडलं. नामावलीत 'हात' या शब्दापुढे जागा कोरी होती. सरांनी विचारलं, "नाव राहिलं का?" साहेब म्हणाला, "राहू दे सर." आयुष्यात पहिल्यांदा त्याने हुकूम न सोडता विनंती केली.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मुंगीने बहिणीला जशी नेली तशी परत आणली होती. आईने नेहमीसारखं विचारलं, "दमलात का गं?" आणि मुंगी आईच्या पदरात तोंड खुपसून इतका वेळ राहिली की आई म्हणाली, "अगं, भाजी करपेल." घर सुखाने भरलं होतं. धाकटी दोनदा वाढून घेऊन जेवली. निजताना पांघरूण गळ्यापर्यंत ओढून म्हणाली, "ताई, त्याचा हात गरम होता."

"कुणाचा?"

"दारातला. माझ्या बोटांना लागला ना." मग थोडा विचार करून म्हणाली, "त्याने दार लावलं तेव्हा तो आतच राहिला. मग त्याला बाहेर कुणी काढलं?"

मुंगीने पांघरुणाखाली तिची बोटं मुठीत धरली. कोठीला नवं दार बसलं, बाहेरून कुलूप लागलं. तेव्हा एवढंच मागणं आहे. आज घरी गेल्यावर, आपली सगळी माणसं आत आली हे पाहून दाराला कडी घालाल, तेव्हा क्षणभर हात तिथेच ठेवा आणि त्याची आठवण काढा. नाव नसलं तरी चालेल.