बांधावरची ओळ

मी पिंपातलं शेणपाणी ढवळत होते, तेव्हा ब्लेझ पहिल्यांदा आमच्या अक्रोडाखाली येऊन उभा राहिला. एप्रिलची भुरभुर चालू होती. त्याच्या भुवयांवर थेंब आणि बुटांवर गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या खालच्या उतारावरची द्राक्षबाग त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर तो शहरातली नोकरी सोडून परत आलाय, हे गावाने आम्हाला सांगितलं होतं. दिसायला बरा आहे, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा ट्रॅक्टर आमच्या चरात रुतला होता.

"जरा मदतीला येता का?"

"तास पुरा झाल्याशिवाय हात काढता येत नाही."

तो पिंपात डोकावला. "काय शिजतंय?"

"शेण. गाईच्या शिंगात भरून हिवाळाभर पुरलेलं."

"अस्सं... आणि मीठ कधी घालायचं?"

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. हसले. मग त्याला सांगितलं, एका बाजूने गरगर ढवळायचं, मधे खोल भोवरा पडला की तो मोडून उलट्या बाजूने. असं तासभर, खंड न पडता. मग हे पाणी वेलांखाली शिंपडायचं. पपा म्हणतात, याने जमीन जागी होते. त्यावर तो म्हणाला, आमच्या जमिनीला झोपायची सवय आहे. पण माझा खांदा भरून आलाय हे त्याने पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि माझ्या हातातून काठी अशी अलगद घेतली, की भोवरा फिरतच राहिला.

"आता तू बस," तो म्हणाला.

आमच्याकडे 'तुम्ही'वरून 'तू'वर आलेला माणूस सहसा मागे जात नाही. मी त्याच दिवशी प्रेमात पडले म्हटलं तरी चालेल. ट्रॅक्टर दुपारपर्यंत चरातच होता.

आमची शेवटची ओळ आणि त्याची पहिली, मधे फक्त बैलगाडीपुरता बांध. त्याच्या वडिलांची औषधं वाऱ्यावर आमच्याकडे यायची, म्हणून पपा ती ओळ दरवर्षी वेगळी तोडून घाऊक व्यापाऱ्याला देऊन टाकायचे. आमच्या वाइनमध्ये तिचा एक थेंब जात नसे. ब्लेझने मला मागणी घातली, तेव्हा पपांनी एकच अट घातली. कायद्याने बाग सेंद्रिय ठरायला तीन वर्षं लागतात ना, तर तीन वर्षं विषाशिवाय काढ, तिसऱ्या तोडणीनंतर लग्न.

"पोरगी देताय की परवाना?" ब्लेझ म्हणाला. पपा हसले नाहीत, पण त्याच्या ग्लासात वाइन ओतली.

दोन वर्षं त्याने काढली. त्याच्या वेलांखाली गवत आलं, गवतात पिवळी फुलं आली. तो बांधावरून माझ्यासाठी ती तोडून आणायचा, आणि मी म्हणायचे, आधी तण उपटायला शीक. दुसऱ्या तोडणीला पपांनी बांधावरची ओळ पहिल्यांदा आमच्या पिंपात घेतली. मला तो होकारच वाटला.

तिसऱ्या वर्षीचा जून पाण्यात गेला. डावणी नावाच्या बुरशीने सगळ्यांच्या पानांवर तेलकट पिवळे डाग पडले आणि कोवळे घड वाळून गळू लागले. पपा नियमात बसतं तेवढं मोरचूद फवारून, पाल्याचे काढे शिंपडून थकले. आणि एका दुपारी ते धावत घरी आले, या वयात धावत.

"ओदिल, चल, बघ! बांधावरची ओळ तगली. तीस वर्षं लोक मला शेणवाला म्हणून हसले. बघ म्हणावं आता!"

मी पाहिली. वेल खरंच टवटवीत होते... खालच्या बाजूने. ब्लेझकडे तोंड असलेली पानं हिरवीगार, आमच्याकडची डागाळलेली. आणि पलीकडे त्याची सगळी बाग निरोगी. पपांना फक्त हिरवं दिसत होतं. याच ओळीची वाइन तुझ्या लग्नात, ते म्हणाले. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

ब्लेझ शेडमध्ये होता. मी एक हिरवं पान त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने ते उचलून उलटून पाहिलं. "एकदाच फवारलं," तो म्हणाला. "तुम्ही सगळे बाप्तिस्म्याला गेला होतात त्या रविवारी. नाहीतर एक घड हाती आला नसता, ओदिल. कशावर लग्न करणार होतो मी?"

"आमचेही घड गळलेच की."

"तुमच्यामागे चार पिढ्यांचं नाव आहे. माझ्यामागे बँक आहे." मग हळूच, "पानं काही बोलत नाहीत. चार महिने राहिलेत फक्त. तू गप्प राहा... माझ्यासाठी."

मी गप्प राहिले असते. देवाशपथ, राहिले असते, जर पपांनी त्या रात्री जेवताना ग्लास उचलून 'माझ्या जावयाच्या नावाने' म्हटलं नसतं. मी सांगून टाकलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला, पाव चिरून मला दिला, आणि स्वतः न जेवता उठले.

तोडणीला पपांनी ती ओळ एकट्याने तोडली. लहानशा पिंपात ती वेगळी मुरली. मार्चमध्ये आम्ही सगळी पिंपं चाखली. बाकीची वाइन पातळ, पावसाळी. त्या पिंपातली मात्र मधासारखी सुरू होऊन शेवटी जिभेवर हवा तेवढा कडवटपणा ठेवून गेली. अशी वाइन आमच्या घरात कित्येक वर्षांत झाली नव्हती.

"चांगली झालीय," पपा म्हणाले, आणि घाऊक व्यापाऱ्याला फोन करायला गेले.

एप्रिलमध्ये मी अक्रोडाखाली पिंप ढवळत होते. भुरभुर होतीच. ब्लेझ बांध ओलांडून आला आणि पहिल्या दिवशी उभा होता तिथेच थांबला.

"जरा थांबता का, ओदिल? दोन शब्द बोलायचे होते."

थांबता का. तो 'तुम्ही'वर परत गेला होता; त्या एका 'ता'ने जे कळायचं ते कळलं. मला तो अजून आवडतो, हे मी कुणापासून लपवत नाही. त्याच्यापासूनही लपलं नसेल.

"तास पुरा व्हायचाय," मी म्हणाले.

तो वाट बघत राहिला, भिजत. तास कधीच संपून गेला होता. मी हात काढला नाही. खांद्यात कळ यायला लागली, तेव्हा मान वर केली, तर तो आपल्या ओळींमधून खाली उतरत होता.