नुसता इफन

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात इफन नावाचे पुरुष इतके, की नुसत्या नावाने कोणी कोणाला ओळखत नाही. माझा भाऊ वल्ह्याचा इफन, कारण ट्राउट मासे धरायला येणाऱ्या पाहुण्यांना तो होडीतून तळ्यावर न्यायचा. दुसरा होता दुकानाचा इफन. अकरा वर्षांपूर्वी तो होडीतून पडला आणि तळ्याने त्याला परत दिलंच नाही. तेव्हापासून पाण्याकडे तोंड करून हाक मारायची ती पूर्ण नावाने, कुठला इफन ते लावून, असा इथला रिवाज. मला तो निव्वळ खुळेपणा वाटायचा. होड्यांचा धक्का मी सांभाळते, असली थेरं करायला मला वेळ कुठे?

मे महिन्यातली दुपार होती. भावाच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. वल्हं मारायला डॉक्टरांची सक्त मनाई. पण पाण्यावर माशा उतरल्या, की त्या खायला ट्राउट वर येतात; मग हा कसला घरात बसतोय? गळाला लावायच्या, कोंबड्याच्या पिसांच्या खोट्या माशा टोपीला टोचून स्वारी धक्क्यावर हजर.

"एकटा जाऊ नकोस," मी म्हणाले.

"ट्राउट काय मला खाणार आहे, मेरेरिद? चहा टाकून ठेव. आणि धुकं आलं तर..."

"पूर्ण नावाने. ठाऊक आहे. जा, मर."

बोलून गेले आणि माझं मलाच कसंसं झालं.

चारच्या सुमाराला डोंगरावरून धुकं उतरलं. बघता बघता धक्क्याचं टोक दिसेना. वारा पडला, मेंढ्या गप्प झाल्या, ओल्या शेवाळाचा वास नाकात बसला. मी फळ्यांवरून येरझारा घालत होते. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. वल्ह्यांचा आवाज नाही. त्याच्या छातीवरचे टाके डोळ्यांसमोर आले आणि माझा धीर सुटला.

"इफन! इफन, घरी ये!"

"आलो..."

लगेच. अगदी जवळून. पण कोणी आलं नाही, पाणीही हललं नाही. मी काय बोलून बसले, ते तेव्हा लक्षात आलं.

"वल्ह्याच्या इफन!" मी जीव खाऊन ओरडले.

खूप लांबून उत्तर आलं, "अगं येतोय. ओरडतेस कशाला?"

होडी दिसली तेव्हा मी रडत होते. भाऊ दमून पांढराफटक पडला होता, पण जिवंत होता. एकटा माणूस वल्हवत असला की होडीचं पुढचं टोक वर उचललेलं असतं. हे मात्र पाण्यात दबलेलं होतं. वल्हवणाऱ्याची तिकडे पाठ असते, त्यामुळे त्याला काही दिसत नव्हतं.

"फार जड चालतेय गं... मघापासून."

"मागे बघू नकोस. उतर आधी."

तो उतरला आणि धापा टाकत गवतावर जाऊन बसला. टोक तसंच दबलेलं राहिलं. दोर हातात धरून मी पुटपुटले, "दुकानाच्या इफन... मी तुला नव्हतं बोलावलं. चुकलं माझं. जा."

टोक सावकाश वर आलं.

"गेला का?" भावाने हळूच विचारलं.

"गेला," मी म्हणाले. त्याच्या हृदयाला दुसरं काही सोसलं नसतं. पण पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नव्हता, आणि धक्क्यावर माझ्याशेजारची रिकामी फळी करकरत खाली दबली होती.