घाटकोपरच्या खोलीचा करार

सिद्धेशला त्या दिवशी एक काम होतं, एवढंच. आपल्या शेजारचा सिद्धेश, पाठीवर बॅग अडकवून संध्याकाळचा बाहेर पडतो तो. खोली भाड्याने दिली की करार करावा लागतो. हल्ली त्यासाठी कचेरीत जावं लागत नाही, सिद्धेशच घरी येतो. लॅपटॉप उघडतो, बारकी काचेची डबी जोडतो. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदारांचे अंगठे, झाला करार. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जन्मभर अंगठाच दिला आणि लोक हसले. आता कोटवालेसुद्धा अंगठा पुढे करतात, आणि मशीन नाही म्हणालं की ओशाळतात. ऐकून मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

तर पंचवीस सालचा सप्टेंबर, एकवीस तारीख. रविवार, सर्वपित्री अमावस्या. रात्रीचे पावणेनऊ.

खोली घाटकोपरला, स्टेशनपासून तीन मिनिटांवर. जाहिरातीत तसं लिहिलं होतं. तीन मिनिटं कसली, मेट्रो खिडकीतूनच जाते म्हणा. साठ वर्षांची इमारत, लाकडी कठडा, दुसरा मजला. मेट्रोचा पूल खिडकीच्या उंचीला. गाडी गेली की तिचा उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर सरकत जातो.

मालक चंद्रप्रकाश. पन्नाशीचा, केस काळे केलेले, हातात दोन मोबाइल. अडलेल्या माणसाचा वास असल्या लोकांना लांबून येतो. भाडेकरू होती अपूर्वा, चिपळूणची मुलगी, नोकरी अंधेरीला. एकटी मुलगी म्हणून आठ ठिकाणी नकार मिळालेला. हॉस्टेल महिनाअखेर रिकामं करायचं होतं. ही खोली गेली तर नोकरी सोडून गावाला, आणि एकदा गेली की वडील परत पाठवणार नव्हते. म्हणून पितृपक्षातसुद्धा ती करार करायला तयार झाली. चंद्रप्रकाशला हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने तीच तारीख धरली. पितर-बितर आपण मानत नाही म्हणाला. मानेल कशाला? मानलं तर हिशेब द्यावा लागतो.

आधी इथे कोण राहायचं, असं अपूर्वाने विचारलं. तो म्हणाला, एक अडाणी म्हातारी होती, शकु नावाची. भाडोत्री. आमची कोणी नव्हे. गावाला गेली आणि तिकडेच वारली.

साक्षीदार एक सिद्धेश स्वतः, दुसऱ्या समोरच्या दारातल्या माणिकबाई. त्या काही उंबरा ओलांडेनात. चंद्रप्रकाश हसला. म्हणाला, ती शकु अंगठेवाली बाई, जिवंतपणी तिला काही जमलं नाही, आता काय करणार? सिद्धेशने डबी उंबऱ्यापाशी नेऊन त्यांचा अंगठा घेतला. मग स्वतःचा दिला. अपूर्वाचा पहिल्या झटक्यात लागला.

राहिला मालक.

त्याने अंगठा ठेवला. मशीन नाही म्हणालं. शर्टाला पुसून ठेवला, तरी नाही. सिद्धेश म्हणाला, साहेब, केसांवरून फिरवा, थोडं तेल लागलं की घेतं. फिरवला. काळा रंग लागला अंगठ्याला, पण मशीन नाहीच म्हणालं. मग चंद्रप्रकाश सिद्धेशवर घसरला. भंगार मशीन, दहावी नापास पोरं, असं बरंच काही. सिद्धेशने ऐकून घेतलं. पोटाचा धंदा आहे.

अरे मिहिर, ऐकता ऐकता हसू नको. मशीन चायनाचं असेल, सिद्धेशलाही तेच वाटलं होतं.

चौथ्यांदा ठेवला.

डबीतला लाल दिवा लागला. सिद्धेश म्हणाला, झालं, उचला.

त्याने उचलला नाही.

उचला ना, साहेब.

चंद्रप्रकाश खाली बघत होता. स्वतःच्या मनगटाकडे. सिद्धेशनेही बघितलं. मनगटाची कातडी चार ठिकाणी आत गेली होती. बोटं रुतावीत तशी. बोटं नव्हती…

बाहेरून गाडी गेली. उजेड भिंतीवरून सरकत खाली आला. टेबलावर आला. त्याच्या हातावर आला… आणि मनगटापाशी अडला. तेवढीच जागा काळी राहिली. मधे कोणी असल्यासारखी.

गाडी गेली.



अंगठा दाबला जात होता. हळूहळू. नख पांढरं पडलं. काच करकरली…

मग चंद्रप्रकाश बोलला. अगदी बारीक आवाजात.

"काकी… सोड."

अपूर्वाने मान वर केली. आमची कोणी नव्हे म्हणाला होता.

उंबऱ्यापलीकडून माणिकबाई म्हणाल्या, "असाच धरला होतास तिचा हात. लकव्याने वाचा गेली होती तिची. मान हलवून नको नको म्हणत होती, आणि तू कागदावर अंगठा दाबत होतास. खोली तिच्या नवऱ्याची होती रे."



दिवा विझला. हात सुटला. सिद्धेशने वायर ओढली आणि लॅपटॉप उघडाच बॅगेत कोंबला. अपूर्वाने पिशवी उचलली. मला ही खोली नको, म्हणाली. जायला जागा नव्हती, तरी म्हणाली. नवव्या घरातून ती स्वतः बाहेर पडली. माणिकबाईंनी आपलं दार उघडलं आणि तिला आत घेतलं. आजही ती तिथेच राहते, सकाळी मेट्रो धरून अंधेरीला जाते. समोरच्या दाराला कुलूप आहे.

दिवाळीनंतर चंद्रप्रकाश इथे आला, विक्रोळीला, सिद्धेशला शोधत. सिद्धेश आतून कडी लावून बसला. मी बाहेर बाकड्यावर होतो. दारात आलेल्याला मी पाणी विचारतो, तुम्हाला माहीत आहे. त्याला नाही विचारलं. तो उभ्या उभ्या सांगत होता. मोबाइल उघडत नाही, बँक अंगठा घेत नाही, डॉक्टरने तीन मलमं दिली. त्या पोराला सांगा, काय केलंय ते काढून टाक.

मी म्हटलं, बघू.

दिव्याखाली धरले त्याचे दोन्ही हात. नऊ बोटांवर रेषा जशाच्या तशा. उजव्या अंगठ्यावर… एकही नाही. जखम नाही. डाग नाही. भाजल्याची खूण नाही.

धुऊन पालथी घातलेली बशी असते ना… तसा.