नाळ कुल्याशने कापली

ही ऐकीव गोष्ट नाही. कारागांदी शहरात, आमच्याच जिन्यावर, समोरच्या दाराआड घडलेली आहे.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

समोरच्या कुरालायला मुलगा झाला, मिरास, तेव्हा नाळ कापायला तिला स्वतःची आई हवी होती. नणंद कुल्याशने कात्री हिसकावून घेतली. "वंश आमचा, मग तुझ्या माहेरचा हात कशाला?" नाळ कापणारीचे गुण मुलात उतरतात, असं आमच्यात मानतात. आणि कुल्याश म्हणजे महाखाष्ट बाई.

मिरास मात्र गरीब गाय निघाला. पुढे कुल्याश मेली. कुरालायच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नाही.

नाळेतलं रक्त तेवढं रक्तपेढीत गोठवलेलं राहिलं.

मग कुरालायच्या थोरल्या मुलीला, आइझानला, रक्ताचा कर्करोग झाला. दहा वर्षांची पोर. दुसरा इलाज उरला नाही, म्हणून मिरासच्या नाळेचं ते रक्त तिला चढवलं.

पोर वाचली. घरी आली.

आणि एके दिवशी...

टक.

टक... टक.

तिच्या बंद खोलीतून सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा आवाज. कुल्याश दिवसभर तशाच फोडायची. कुरालायने दार ढकललं. आइझान गाढ झोपलेली. खोलीत एकही टरफल नाही.

नंतर "आई" ही हाक बंद झाली.

आइझान म्हणू लागली... "केलीन." म्हणजे सूनबाई. ही हाक सासरचे मारतात. पोटची पोर कधीच नाही.

कुरालायने डॉक्टरांना गाठलं. "तिचं स्वतःचं रक्त थोडं तरी उरलंय का हो?"

"एक थेंबही नाही," डॉक्टर खुशीत म्हणाले. "सगळं नाळेतलंच. आणखी काय हवं?"

कुरालाय तशीच घरी परतली. ते रक्त होतं म्हणून तर पोर जिवंत होती.

त्या दुपारी आइझानने स्वतः चहा ओतला. आमच्याकडे चहाची वाटी अर्धीच भरतात. काठोकाठ भरली, की पाहुण्याने समजायचं, आता उठा.

तिने आईची वाटी काठोकाठ भरली.

"पी आणि निघ, केलीन."

"कुठे जाऊ गं? माझं घर आहे हे."

"माझ्या भावाचं आहे."

नवरा, म्हणजे कुल्याशचा भाऊ, कामावर होता. मिरास अंगणात खेळत होता.

कुठल्या भावाचं, हे विचारायची कुरालायची छाती झाली नाही. अजूनही होत नाही.