लॅपटॉपवरची तांबडी माती

"लॅपटॉप सोमवारी शाळेत जमा करायचा," शांभवीने फोन ठेवत सांगितलं, आणि तालमीच्या माडीवर बसलेल्या तिघांचेही चेहरे पडले.

मे महिन्याची सुट्टी होती. मंगळवार पेठेतल्या या तालमीच्या माडीवर अभ्यासिका होती. तिथे शांभवी, तिची मैत्रीण प्रियदर्शनी आणि निपाणीहून आलेला मामेभाऊ श्रीशैल मिळून शाळेच्या स्पर्धेसाठी तालमीवर छोटी फिल्म करत होते. लॅपटॉप शाळेचा, शांभवीच्या नावावर घेतलेला; तो माडीवरच असायचा. त्यावर गेम उघडूच नये असा बंदोबस्त केलेला. तरी रोज दुपारी कुणीतरी त्यावर मोबाईलवाली कुस्तीची गेम खेळतंय, हे स्पर्धेचं काम बघणाऱ्या शिंत्रे मॅडमना शाळेत बसून दिसलं होतं. त्यांनी शांभवीलाच धरलं. खेळणारा पुढे आला नाही, तर लॅपटॉप परत आणि फिल्म स्पर्धेतून बाद!

प्रियदर्शनीने सरळ श्रीशैलकडे पाहिलं. या पोराला जेवतानाही मोबाईल लागायचा.

"माझ्याकडं काय बघतीस? दुपारी मी घरात घोरत पडल्यालो असतोय. इचार की आत्तीला."

ते खरंच होतं. मग शांभवीने हळूच सांगितलं की लॅपटॉपचा पासवर्ड तिने तालमीच्या वायफायचाच ठेवलाय. तो तर निम्म्या पेठेला पाठ होता. प्रियदर्शनीने कपाळावर हात मारून घेतला.

श्रीशैलने लॅपटॉप उलटा करून थोपटला. बाणांच्या बटणांमधून तांबडे कण खाली पडले. त्याने ते बोटावर घेऊन हुंगले. ताक, लिंबू, हळद आणि तेल! ही तर खालच्या हौद्यातली कुस्तीची माती. पण पैलवान सकाळ-संध्याकाळ येत आणि अंघोळ केल्याशिवाय माडी चढत नसत. दुपारी मातीत कोण असणार?

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून तिघं गदांच्या कपाटामागे दडून बसले. खाली माती खोरण्याचा आवाज येत होता. तो थांबला. जिना करकरला आणि गुडघा धरत हंबीरराव आबा वर आले. आबा म्हणजे तालमीचे वस्ताद. त्यांनी नुसतं खाकरलं तरी दांडगे पैलवान गप्प होत.

आबांनी चष्मा लावला, एका बोटाने पासवर्ड दाबला आणि पडद्यावरच्या पैलवानाला म्हणाले, "ये आकाराम. आज सोडत न्हाय तुला."

श्रीशैलने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. आबा दणादणा बटणं बडवत होते. तरी हरले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"तुझा ढाकेचा डाव अजून तसाच हाय की गड्या."

आता श्रीशैलला हसू येईना. खाली हौद्याशेजारी एक जुना फोटो होता. त्यात दोन कोवळे पैलवान एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. एक आबा, दुसरे त्यांचे जोडीदार आकाराम. दोघं याच मातीत वाढले, एकाच वाटीतून बदामाची थंडाई प्यायले. गेल्या हिवाळ्यात आकाराम गेले.

आबा खाली गेल्यावर तिघांची वादावादी झाली. मॅडमना नाव सांगून मोकळं व्हावं, असं प्रियदर्शनीचं म्हणणं. शांभवीला ते जमेना. सगळ्या पेठेत आबांचं हसं झालं असतं. पण फिल्मही सोडवत नव्हती. शेवटी तिला युक्ती सुचली.

संध्याकाळी तिने आबांना अर्धी फिल्म दाखवली आणि म्हणाली, "आबा, ह्यात आकाराम आजोबांचं कायबी न्हाय. तुम्ही सांगा की."

आबा सांगत सुटले. पहाटेच्या जोर-बैठका, कुस्त्यांच्या मैदानाला सायकलवर डबलसीट जाणं, हरलेल्याने जिंकणाऱ्याला भजी चारायची ही त्यांची रीत. सांगता सांगता ते पोरासारखे हसत होते. शेवटी शांभवी म्हणाली की सोमवारी लॅपटॉप परत जाणार, कुणीतरी त्यावर कुस्ती खेळतंय म्हणे, आणि ही फिल्मही मग संपलीच. आबांचं हसू मावळलं. त्यांनी आपल्या जाडजूड बोटांकडे पाहिलं.

सोमवारी फेटा बांधून आबा स्वतः शाळेत हजर! नातू विजयसिंह पुण्याला जाताना शाळेच्या बंदोबस्ताला बगल देऊन लॅपटॉपवर गेम घालून गेला, कारण मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर आबांची बोटं बसेनात, हे त्यांनी कबूल केलं.

"पोरीला बोल लावू नका बाई. खेळणारा मी हाय."

शिंत्रे मॅडमनी शांभवीची माफी मागितली. नाव ठाऊक असूनही आपण ते काढलं नाही, हे शांभवीने सांगून टाकलं, तेव्हा मॅडमनी मुलांचं फार कौतुक केलं. लॅपटॉप राहिला, पासवर्ड मात्र तिथल्या तिथे बदलायला लावला.

त्या दुपारी माडी रिकामी होती. आबा एकटेच हौद्याच्या काठावर बसलेले. या हौद्यात अजून कुणी मुलगी उतरली नव्हती. शांभवीने चपला काढल्या.

"आबा, गेममध्ये अंगाला माती लागत न्हाय. मला ढाक शिकवा की."

आबांनी एकदा फोटोकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, मातीला नमस्कार करून आत उतरले आणि मूठभर माती तिच्या खांद्यावर टाकली.

"ये आकाराम," ते म्हणाले.

शांभवीने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. ती पुढे झाली.