ॲम्प्लिफायरमधली खरखर

१९४६च्या हिवाळ्यात जळगावात माझं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान होतं. कापडाचे व्यापारी मदनलालजी यांनी दसऱ्याला आईसाठी माझ्याकडूनच ॲम्प्लिफायर नेला होता. त्यांच्या आईला, सज्जनबाईंना, कमी ऐकू यायचं, आणि भजनांच्या तबकड्यांशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

"झुलालभाऊ, भजन कमी आणि खरखरच जास्त येते," मदनलालजींनी तक्रार केली, म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेलो. खाली दुकान, वर घर.

दोष लगेच सापडला. ग्रामोफोनच्या आवाजाचं बटण जवळजवळ बंद होतं आणि ॲम्प्लिफायरचं शेवटपर्यंत पिळलेलं.

"शेटजी, हे उलटं करा. ग्रामोफोनचा आवाज मोठा ठेवा आणि ॲम्प्लिफायर लागेल तेवढाच वाढवा. मुळातच आवाज बारीक आला, तर यंत्र त्याच्याबरोबर स्वतःची खरखरही वाढवतं."

मी बटणं तशी लावून दिली. भजन स्वच्छ वाजू लागलं. पाटावर बसलेल्या सज्जनबाई खुलल्या.

"आते बठ्ठं ऐकू येस!"

"मीही सकाळी असंच लावतो," मदनलालजी म्हणाले. "दुपारी वर आलो की बटणं फिरलेली असतात."

तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाची हाक आली आणि ते गेले.

त्यांची पत्नी प्रेमकुंवर दाराशी उभी होती. पावसाळ्यात त्यांचा तान्हा मुलगा तापाने गेला होता. तेव्हापासून त्या फारसं बोलत नाहीत, असं ऐकून होतो.

"भाऊ, खरखरीने यंत्र बिघडतं का?"

"नाही वहिनी. पण तिच्यात ऐकण्यासारखं काय आहे?"

त्यांनी पुढे येऊन तबकडीवरची सुई उचलली. ग्रामोफोन बंद केला आणि ॲम्प्लिफायरचं बटण पूर्ण पिळलं. खोली खरखरीने भरून गेली. सज्जनबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या.

सवयीने मी कान दिला. विजेची घरघर ओळखीची होती. तिच्या मागे काहीतरी बारीक वाजत होतं.

पैंजण.

ग्रामोफोनचाच काही दोष असेल म्हणून मी ग्रामोफोनची तारच काढली. पैंजण वाजतच राहिले. दोन पावलं, मग थांबणं. तीन पावलं, मग धप्पकन बसणं.

"या दिवाळीत नुसता रांगायचा," प्रेमकुंवर म्हणाल्या. "आता पावलं टाकतो."

तार माझ्या हातातच राहिली.

आवाज स्पीकरच्या जाळीपर्यंत आला आणि थांबला. लाळेने भरलेल्या तोंडाचा श्वास ऐकू आला.

मी वीज बंद केली.

खरखर विरली. आतले व्हॉल्व्हचे लालसर दिवे विझले.

पैंजण वाजले. या वेळी माझ्या पायाशी.

प्रेमकुंवर खाली वाकल्या आणि त्यांनी एक बोट पुढे केलं. तशाच वाकून, अर्धं अर्धं पाऊल टाकत त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या.

उंबरठ्यापाशी त्या थांबल्या. थोडा वेळ वाट पाहिली. मग आत गेल्या.