डावीकडचं वजन

शनिवारी दुपारी लिनव्हलच्या गॅरेजात गाडी वजनावर चढवायची, एवढंच काम होतं. दुसऱ्या दिवशी मे पेनजवळच्या जुन्या धावपट्टीवर शंकू मांडून शर्यत होती आणि यनीकला तिच्यात आपल्या भावाची गाडी पळवायची होती. भाऊ, केमार, दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. गाडी अर्धवट राहिली. ती आपण पुरी करून पळवणार, असं यनीक त्याच्या मातीला आलेल्या सगळ्यांसमोर बोलून बसली होती.

गाडी म्हणजे म्हातारी स्टारलेट. मागची सीट, गालिचा, एसी, सगळं उपटून तिला पार सोलून काढलेली. स्प्रिंगा नव्या, कडक, टायर रुंद. शेजारच्या सीटला तेवढा यनीकने कुणाला हात लावू दिला नव्हता. तिच्यावर बसूनच केमारने तिला गाडी शिकवली होती, ओरडून ओरडून.

लिनव्हलने चारी चाकांखाली चार वजनकाटे सरकवले. "बस आत. चालवणाऱ्यासकट मोजायची असते, नाहीतर उद्या उजवीकडे वळेल आणि डावीकडे रुसून बसेल. आणि ती पॅटी खाली ठेव, बाई! तिचंही वजन धरू का?"

ती हसत स्टिअरिंगमागे बसली. तापलेल्या पत्र्याचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडला होता. लिनव्हल टेबलावरच्या, काट्यांचे आकडे दाखवणाऱ्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"डावी बाजू जड येतेय."

"काटा बिघडला असेल, काका."

त्याने गाडी उतरवली, डावे काटे उजवीकडे टाकले, यनीकला बसवून पुन्हा मोजलं. तेच. शेजारच्या सीटवर कुणी बसलं असावं, तेवढं जादा.

यनीकने त्या सीटवर हात ठेवला. "केमार आहे," ती म्हणाली. डोळे भरून आले, पण भीती म्हणाल तर अजिबात नाही. उलट दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"तो गेल्यावर नवव्या रात्री त्याची खोली फिरवलीत ना?" लिनव्हलने हळूच विचारलं.

"हो तर. डपीला, गेलेल्याच्या भुताला, आपली जागा ओळखू येऊ नये म्हणून पलंग फिरवला, आईने पडदेसुद्धा बदलले."

"आणि गाडी?"

गाडी इथे गॅरेजात होती. ती कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

"सीट काढू या, पोरी."

"मुळीच नाही! घरचंच माणूस आहे. बसू दे की त्याला. उद्या माझ्या शेजारी असला तर काय बिघडलं?"

लिनव्हल पुन्हा डब्याकडे वळला. "केमार... वजनाला किती होता गं?"

"नुसती काडी! साठसुद्धा भरायचा नाही. का?"

"इथे शंभर किलोच्या वर दाखवतोय. आणि... वाढतोय."

तिने चटका बसल्यासारखा हात काढला. आता तिला वास येत होता, झाकण न काढलेल्या टाकीतल्या पाण्यासारखा.

"मग हा कोण, काका?"

"जागा रिकामी होती, कुणी फिरवली नाही. कोण येऊन बसलं... मी काय सांगू?"

यनीक झटकन उतरली. बोल्ट तिनेच सोडवले, सीट दोघांनी ओढून बाहेर उन्हात टाकली. मग तिने हिय्या केला. उद्या हीच गाडी पळवायची तर आजच नीट बघितलेली बरी. ती परत आत बसली.

"जसे यायला हवेत तसे आले गं बाई आकडे!" लिनव्हलने गाडीकडे पाठ ठेवूनच सुस्कारा सोडला.

यनीकला मात्र रडू फुटलं. म्हणजे केमार नव्हताच. आपण भलत्याच्याच अंगावर मायेने हात ठेवला होता.

"रड, रड. मोकळी हो," लिनव्हल म्हणाला आणि डब्याच्या वायरी चाचपू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "उतर आता. नुसत्या गाडीचं वजन घेऊ दे."

उजवीकडचे आकडे जागचे हलले नाहीत.

"उतर की गं, पोरी."

"काका..." आवाज गॅरेजच्या दारातून आला. "मी कधीची उतरलेय."

लिनव्हलने मान वळवली नाही. समोर, चालवणाऱ्याच्या बाजूचा आकडा सावकाश चढत होता.